तीळ लावलेलं बटण

लेकीनं आईची पाठवणी करायची, अशी वेळ फार थोड्या घरांत येते. गल्लीत चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवालीच्या घरात ती आली. आईनं साठी ओलांडल्यावर नोंदणी पद्धतीनं दुसरं लग्न केलं, नव्या चपला घातल्या आणि नवऱ्याबरोबर डोंगरात फिरायला निघाली. दारात उभी राहून मुलगी मुसमुसत होती, आई मात्र टॅक्सीत बसेपर्यंत गाणं गुणगुणत होती. काच खाली करून तिनं एवढंच सांगितलं, "अगं, बटणाला जप हं! नाहीतर माझा संसार सुरू व्हायच्या आधीच मोडायचा."

बटण म्हणजे नव्या नवऱ्याचं कासव. जमिनीवर राहणारं, वर्षाचंही न झालेलं, पिवळट तपकिरी, मुठीत मावेल एवढं. आणि नवा नवरा म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनिअर. माणूस चांगला होता, तक्रारीला जागा नव्हती. पण त्यांना म्हणायचं काय, हा चष्मेवालीपुढं मोठाच पेच होता. 'बाबा' जिभेवर येईना. 'काका' म्हणावं, तर आईचा नवरा काका कसा? नावानं हाक मारावी, तर माणूस वयानं मोठा. शेवटी तिनं व्याकरणाचा आधार घेतला. "चहा घेतला जाईल का?" "जेवण झालेलं आहे का?" असं ती भिंतीकडं बघून विचारायची. जणू समोर माणूस नाही, सरकारी परिपत्रक बसलंय. तेही बिचारे, "घेतला जाईल," असं म्हणून मुकाट चहा घ्यायचे.

निघायच्या आदल्या दिवशी इंजिनिअर बटणाचा सगळा बाडबिस्तरा घेऊन आले. खाली दुकान आणि वर घर, त्या अरुंद जिन्यावरून त्यांनी एक भलीमोठी लाकडी पेटी चढवली. पेटीला झाकण नव्हतं. एका टोकाला वरून लोंबणारा उबेचा दिवा, दुसऱ्या टोकाला अर्धी कुंडी पालथी घालून केलेली गुहा, मध्ये मातीचा जाड थर, दोन्हीकडं तापमापक.

"या टोकाला उन्हाळा, त्या टोकाला सावली," ते म्हणाले. "कुठं बसायचं ते त्याचं ते ठरवतं. रोज सकाळी कोमट पाण्यात अंघोळ, पण पाणी हनुवटीच्या खाली. खायला पाला, त्यावर अधूनमधून कॅल्शियमची पूड. फळं मुळीच नाहीत. आणि ही दिव्याची लांब नळी आहे ना, ती दिवसभर चालू ठेवायची. हिच्यातून उन्हातले किरण मिळतात, त्याशिवाय कवच मऊ पडतं."

"खिडकीत ठेवून चालणार नाही, कारण काच ते किरण अडवते," चष्मेवाली पटकन बोलून गेली. "गिऱ्हाइकांना मी रोज हेच सांगते."

इंजिनिअरांचा चेहरा उजळला. आपल्या बटणाला समजून घेणारं माणूस भेटल्यासारखे ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "फक्त गारठू देऊ नकोस. अंग थंड पडलं की पोटातलं पचत नाही, नाक गळायला लागतं, आणि मग..." ते उगाचच चष्मा पुसत बसले.

चष्मेवालीनं आधी नाक मुरडलं होतं. कासव म्हणजे काय, हलणारा दगड! पण पहिल्याच अंघोळीला त्या दगडानं मान लांब करून घटाघटा पाणी रिचवलं, डोळे मिटले आणि त्याच पाण्यात निवांतपणे सगळे विधी उरकले. चष्मेवाली हसून हसून फरशीवर बसली. दोन दिवसांत ती दुकानातून जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायला लागली, "बटण, जेवलास का रे राजा?" गिऱ्हाइकांना वाटायचं, वर कोणी लहान मूल आहे. ती खुलासा करत नसे.

आणि मग थंडीची लाट आली. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा हाडांत शिरणारा, आणि नेमका त्याच दिवशी नाक्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाम करून उडाला. गल्लीभर वीज गेली. वायरमन खांबावरून ओरडला, "संध्याकाळ होईल!" चष्मेवाली धावत वर गेली. दिवा विझलेला. तापमापकाचा काटा उताराला लागलेला. बटण उन्हाळ्याच्या टोकाला डोकं आत घेऊन बसलं होतं, दिवा पुन्हा लागेल या आशेवर.

तिनं गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली. पण पाणी लवकर निवू लागलं आणि घर तर बर्फासारखं. गल्लीत ऊब होती ती एकाच ठिकाणी, शेजारच्या बेकरीत. तिथली भट्टी लाकडावर चालायची. तिनं बुटांच्या खोक्यात मऊ फडकं घातलं, त्यावर बटण ठेवलं आणि खोकं शालीखाली घेऊन बेकरी गाठली.

"वहिनी, जरा ऊब मिळेल का?"

बेकरीवाल्याची बायको पिठानं माखलेले हात कमरेवर ठेवून उभी होती. तिनं खोक्यात डोकावून पाहिलं आणि विरघळलीच. "अगं बाई, केवढंसं आहे! भट्टीमागच्या कोपऱ्यात ठेव. तिथं पीठ फुगतं, हेही फुगेल."

भट्टीशी उभा असलेला बेकरीवाला डोळे बारीक करून म्हणाला, "कोण आलंय? माझा चष्मा झाला का?"

"काच आज बसवते, दादा."

"बसव बाई. कालपासून बायको आणि मैद्याचं पोतं, दोन्ही सारखंच दिसतंय."

"पोतं निदान ऐकून तरी घेतं," वहिनी म्हणाली.

चष्मेवालीनं खोकं कोपऱ्यात ठेवलं. बटणानं हळूच मान बाहेर काढली, एक डोळा उघडला. तिचा जीव भांड्यात पडला. बाटलीत पुन्हा गरम पाणी भरून आणावं म्हणून ती घरी गेली आणि परत येऊन बघते, तर खोकं आडवं पडलेलं. फडकं आहे, बटण नाही.

"वहिनी! खोकं कोणी पाडलं?"

"अय्या, मघाशी माझ्या पायाला काहीतरी लागलं खरं..."

चष्मेवालीच्या तोंडचं पाणी पळालं. समोर धगधगती भट्टी, मध्ये पोती, परात, पिंपं, आणि पलीकडं पाव घ्यायला लागलेली रांग. तिनं आईला फोन लावला. तिकडून आधी वाऱ्याचा आवाज आला, मग आईचं खिदळणं. "अगं, आम्ही रोपवेच्या पाळण्यात आहोत! खाली दरी! मी डोळे मिटलेत आणि हे मला धरून..."

"आई, त्यांना दे! काका! अहो काका, बटण हरवलं! मी बेकरीत आहे, वीज गेली म्हणून आणलं, आणि आता ते सापडत नाही. काका, मला माफ करा!"

मग इंजिनिअरांचा आवाज आला, घोगरा पण शांत. "घाबरू नकोस, बेटा. आधी सगळ्यांना जागच्या जागी उभं कर. पायाखाली यायला नको."

"कोणी हलू नका!" चष्मेवाली किंचाळली. रांग गोठली. एक आजोबा एक पाय वर उचलून तसेच उभे राहिले.

"आता भिंतीच्या कडेनं बघ. ते मोकळ्यातून जात नाही, भिंत धरून चालतं. उबेच्या दिशेनं जातं. आणि डोक्यावर काही पांघरूण मिळालं, की आत घुसून बसतं."

"पांघरूण?" चष्मेवालीनं भिंतीवरून नजर फिरवली. कोपऱ्यापासून भिंतीच्या कडेनं गेलं, की पावाचे ट्रे ठेवायची खणाखणांची घोडी होती. सगळ्यात खालचा खण अगदी जमिनीला टेकलेला. तो रिकामा होता, आणि फुगणाऱ्या पावांवर झाकायचं ओलं फडकं बाजूला पडलं होतं.

तिनं सावकाश मान वळवली. बेकरीवाल्याचं एका ट्रेमधल्या पावांना ब्रशनं दूध लावून झालं होतं, वरून तीळ भुरभुरून झाले होते, आणि तिची आरोळी कानाआड करून तो ट्रे उचलून भट्टीकडं निघाला होता.

"दादा, हा ट्रे कुठला?"

"खालच्या खणातला. पण आज बायकोनं पीठ कसं मळलंय कोण जाणे. त्यातला एक पाव दगडासारखा टणक आहे. दूध लावताना ब्रशच घसरत होता."

"थांबा!"

बेकरीवाला थांबला. ट्रेच्या कोपऱ्यात, पांढऱ्याफटक पावांच्या शेजारी, एक पाव आधीच भाजल्यासारखा तपकिरी होता. सगळ्यांच्या देखत त्या पावाला एक पाय फुटला. मग दुसरा. मग चकचकीत, दुधानं न्हालेलं, नाकावर तीळ चिकटलेलं एक डोकं बाहेर आलं आणि त्यानं रागानं इकडंतिकडं पाहिलं.

"पाव चालतोय," आजोबा म्हणाले आणि उचललेला पाय खाली ठेवला.

मग जो हशा उठला, त्यानं बेकरीचं छप्पर तेवढं उडायचं राहिलं. वहिनी पोत्यावर कोसळून हसली. बेकरीवाला ट्रेच्या अगदी जवळ नाक नेऊन म्हणाला, "म्हणजे पीठ बरोबर होतं तर!" त्यावर वहिनी आणखीच हसली. चष्मेवाली एकाच वेळी हसत होती, रडत होती आणि फोनमध्ये ओरडत होती, "काका, सापडलं! त्याला तीळ लावलेत!"

पलीकडून आई म्हणाली, "अगं, यांना रडू फुटलंय. काका म्हणालीस म्हणे. पाळणा गदागदा हलतोय, आता मी पण रडणार, ठेव फोन!" पण फोन ठेवला कोणीच नाही. थोड्या वेळानं काकाच नाक ओढत म्हणाले, "तीळ काढताना जुना, मऊ टूथब्रश घे. पाणी कोमट. कवचाच्या खाचांमध्ये काही राहू देऊ नकोस."

वहिनीनं तो ट्रेभर पाव सरळ कचऱ्यात टाकला, खण उकळत्या पाण्यानं घासला आणि सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले. कासव कितीही गोड असलं, तरी त्याच्या अंगावरचे जंतू कोणाच्या पोटात जायला नकोत, यावर तिचं आणि चष्मेवालीचं लगेच एकमत झालं. बटणाला भट्टीपासून बेताच्या अंतरावर, उथळ ताटलीत अंघोळ घातली गेली. पाठीवरून टूथब्रश फिरू लागला, तसं ते मागचे पाय ताणून कंबर डुलवायला लागलं. रांगेतल्या बायकांनी पाव घ्यायचे सोडून त्याच्या नाचावर टाळ्यांचा ताल धरला. अंधार पडायच्या आत वीज आली, आणि बटण आपल्या उन्हाळ्यात पसरून झोपी गेलं.

फिरायला गेलेली जोडी परतली, तेव्हा थंडी ओसरली होती. काकांनी बॅगसुद्धा खाली न ठेवता बटणाला तपासलं. नाक कोरडं, डोळे टवटवीत, हातात घेतल्यावर चांगलं जड. "तब्येत सुधारलीय लेकाची," ते म्हणाले. चष्मेवालीला आभाळ ठेंगणं झालं.

मग चौघं गच्चीवर गेली. खरं, बिनकाचेचं ऊन पडलं होतं. काकांनी सावलीसाठी एक खोकं आडवं ठेवलं आणि तिन्ही माणसं बटणाच्या उंचीला येण्यासाठी पोटावर पालथी पडली. आईनं कुंडीतलं जास्वंदीचं फूल तोडून समोर धरलं. बटणानं आधी वास घेतला, मग तोंड वासून अख्ख्या फुलावर झडप घातली. पाकळ्या दोन्ही बाजूंनी लोंबू लागल्या, हनुवटी लालभडक झाली.

"आणखी एक देऊ?" आईनं विचारलं.

"एकच पुरे," काका म्हणाले.

पण आई आधीच उठून, अनवाणी, खिदळत कुंडीकडं पळाली होती. "काका, धरा तिला!" म्हणत चष्मेवाली मागं धावली, आणि बटण त्या दोघींच्या मागोमाग, आपल्या परीनं भरधाव, फुलाच्या दिशेनं निघालं.