मंचकाचा मान

माखातासचे डोके सकाळपासून सणकले होते. हत्तींसमोर पाय रोवून उभा राहिलेला पायदळाचा हा नायक, केस पिकले तरी मेजवानीत तिवईवर बसत होता, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत! मॅसिडोनियाचा रिवाजच तसा. ज्याने जाळ्याशिवाय रानडुक्कर मारले नाही, त्याने मंचकावर रेलून जेवायचे नाही. माखातास कोवळ्या वयात भाला घेऊन आशियाच्या मोहिमेवर गेला. डुकरामागे धावायला सवड कुणाला होती?

आता पलटणीचा प्रमुख नेमायचा होता. सेनापती सिर्रासने काल भर पंगतीत सुनावले होते, "तिवईवरच्या माणसाच्या हाताखाली पलटण कशी देऊ?" मंचकावर लोळणारा आल्केतास खो खो हसला. त्याने रणातली धूळसुद्धा कधी खाल्ली नव्हती, आणि माखातासने घडवलेली माणसे त्याच्या हाती जाणार होती. नुसत्या विचारानेच माखातासच्या अंगाची लाही होत होती.

म्हणून तो आज डोंगरात शिरला. सोबत एकटा लिम्नायस, त्याच्या तुकडीतला जुना शिपाई, शिकाऱ्याच्या घरातला. झुडपात डुक्कर गुरगुरले आणि माखातासने भाला छातीत घुसवला. पण धूड ओढायला वाकला, तर डुकराचा मागचा पाय जाळ्यात अडकलेला. जाळ्याची गाठही ओळखीची, तंबूच्या दोरांना मारायला त्यानेच शिकवलेली.

"लिम्नायस! हे काय केलंस, गाढवा?"

"नायक, त्या आल्केतासच्या हाताखाली फुकट मरायचं नाही आम्हाला. कोण बघतंय इथं?"

"मी बघतोय ना!"

तरीही संध्याकाळी डुक्कर दालनात आले. सिर्रासने स्वतः मंचक पुढे केला. माखातास त्यावर आडवा झाला. गादी मऊ होती, सगळे टाळ्या पिटत होते आणि पलटण त्याचीच होती. एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. तो ताडकन उठला.

"जाळ्यात अडकलेलं होतं. चूक माझी, माझ्या माणसांना हात लावायचा नाही."

 आल्केतास मंचकावरूनच म्हणाला, "म्हातारबा, तिवई तिकडं आहे."

सिर्रासने तिथल्या तिथे पलटण आल्केतासला दिली.

माखातासने तिवई उचलली आणि अंगणात नेऊन भिंतीवर आदळली. ती मोडली नाही, म्हणून तो आणखीच चिडला. लिम्नायस रडत मागोमाग आला.

"कशाला बोललात, नायक? आल्केतासच्या डुकरालाही जाळं मीच लावलं होतं. सिर्रासच्या डुकराला माझ्या बापानं. आत रेललेत ना, त्या सगळ्यांना आमच्याच घरानं लावून दिलंय."

माखातासने पडलेली तिवई उचलली. आयुष्यभर या चोरांसमोर तो मान खाली घालून जेवला होता!

"आणि हे मला आज सांगतोस?"

"सांगायचं नसतं, नायक. जीव जाईल माझा."

"माझ्या मागं उभा राहा. हत्तींसमोर राहिला होतास तसा."

लिम्नायसने बाहीने नाक पुसले आणि त्याच्या डाव्या खांद्यामागे, आपल्या जुन्या जागी, येऊन उभा राहिला. माखातासने तिवई बगलेत मारली आणि दालनाच्या दाराला लाथ घातली.