पाहुण्याने जॅकेट काढलं नाही

दोन्ही बोटी एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात बाहेर पडल्या होत्या, तरी एकीला सगळे थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. अंगाने हलक्या, आणि पळायला लागल्या की नाक वर करून पाण्यावर आपटत जाणाऱ्या. त्या वेगात आतल्या माणसाच्या पोटात घास टिकत नसे. धाकटीवर मागच्या तोफेपाशी गनर असे. थोरलीचं सुकाणू त्याच्या भाऊजींच्या हातात होतं. एका घरातले दोघे एका बोटीवर नकोत, एवढंच गनरच्या बहिणीने मागून घेतलं होतं.

आदल्या दिवशी दिवस मावळता मावळता दोघींनी शत्रूची सुरुंग पेरणारी बोट गाठली आणि बुडवली. बदल्यात मारही खाल्ला. धाकटीची वायरलेसची काठी उडाली, थोरलीवर दोन माणसं जबर जखमी झाली. शत्रूच्या बोटीवरचा एकच माणूस पाण्यात जिवंत सापडला. गनरने त्याला कॉलरला धरून वर ओढला, पाण्यात तरंगवणारं ओलं जॅकेट काढून घेतलं आणि अंगावर घोंगडी टाकली. त्याची भाषा कुणाला येत नव्हती. इंजिनवाल्या मिस्त्रीने त्याचं नाव पाहुणा ठेवून टाकलं.

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की धाकटीच्या मागच्या टोकावरून पुढचं टोक दिसत नव्हतं. दोघी बंदराच्या दिशेने हळूहळू सरकत होत्या. पाहुणा तोफेजवळ पाय पसरून बसला होता. गनरने दिलेला चहा त्याने बशी चाटावी तसा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि मग कप उलटा करून हसला. बायको आहे का, असं गनरने खुणेने विचारलं. त्याने मान डोलावली आणि कमरेएवढ्या उंचीवर हात धरला. मूल होतं.

तेवढ्यात धुक्यातून तरंगत्या बोयाची घंटा ऐकू आली. बंदराच्या तोंडाशी तो बोया होता. तिथून पुढे दोन्ही बाजूंना खडक आणि मधून जायची चिंचोळी वाट.

पाहुण्याचं हसू उतरलं. त्याने घोंगडी बाजूला केली, सुकत टाकलेलं आपलं जॅकेट ओढून अंगात घातलं, एकूण एक पट्टे आवळले आणि अगदी मागच्या कडेला जाऊन पाय जवळ घेऊन बसला.

गनर धावत पुढे गेला. "साहेब, थांबवा."

धाकटीचा कप्तान त्याच्याहून वयाने लहान होता, पण सगळे त्याला साहेबच म्हणत. "काय झालं?"

"पाहुण्याने जॅकेट घातलंय."

"मग?"

"घंटा ऐकून घातलंय, साहेब. आणि कालची ती बोट. आपण इतक्या गोळ्या घातल्या, पण ती नुसती जळली आणि बुडाली. पोटात सुरुंग असते तर आपल्यासकट उडाली असती. ती पेरायला निघाली नव्हती. पेरून परत चालली होती."

साहेबांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

थोरली मागून आली आणि बाजूला लागली. साहेबांनी भोंग्यातून सगळं सांगितलं. तिच्या कप्तानाने मागे पडलेल्या जखमींकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्याकडे दोन माणसं रक्ताने भिजून पडलीत. धुकं जाईपर्यंत थांबलो तर ती गेलीच म्हणून समजा. मी हळू जातो."

भाऊजी सुकाणूच्या खिडकीतून वाकले. दोन्ही बोटींत हातभर अंतर होतं.

"भाऊजी, जाऊ नका हो," गनर म्हणाला.

"मी कोण नाही म्हणणारा? आणि अरे, रात्रभर भिजलेला माणूस. थंडी वाजली असेल, घातलं जॅकेट. तू लहानपणापासूनच असा, तुझी ताई सांगते ना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुखरूप पोचलो की वाट दाखवायला परत येतो. हलू नका इथून."

थोरली धुक्यात शिरली. धाकटीवर सगळे उभे राहून कान देऊन ऐकत होते. इंजिनाची घरघर घंटेपाशी गेली, घंटेच्या पलीकडे गेली, खडकांच्या मध्ये घुमली, मग बारीक झाली. शेवटी धक्क्यावरचा भोंगा वाजला. पोचली होती.

मिस्त्रीने मोठा श्वास सोडला. "घ्या. पाहुण्याच्या जॅकेटपायी माझी न्याहारी बुडाली."

सगळे हसले. गनरही हसला. साहेबांनीसुद्धा टोपी काढून केसांतून हात फिरवला. "आता आपणही निघू. त्यांना कशाला परत यायला लावायचं?"

पाहुण्याने मात्र जॅकेट काढलं नव्हतं. मिस्त्री इंजिनाकडे वळला तसा तो ताडकन उठला आणि गनरच्या दंडाला धरून लोंबकळला. त्याने एका हाताची मूठ धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्यावरून बोटीसारखं सरकवत नेलं. मूठ तशीच राहिली. दुसऱ्यांदा नेलं आणि मूठ फटकन उघडली.

"हे काय म्हणतोय?" गनरने विचारलं.

मिस्त्रीच्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं होतं. "मोजणारे सुरुंग," तो म्हणाला. "असतात तसले, वरून जाणारी इंजिनं मोजणारे. पहिल्या एक-दोन जहाजांना काही करत नाहीत, जाऊ देतात. वाट मोकळी आहे असं वाटून मागची येतात, तेव्हा फुटतात."

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तेवढ्यात खडकांच्या पलीकडून थोरलीचं इंजिन पुन्हा ऐकू आलं. जखमींना उतरवून ती त्यांना न्यायला निघाली होती.

साहेब भोंग्यातून ओरडले, पण वारा उलटा होता. वायरलेस मुका होता. गनरने धोक्याचा लाल बार वर सोडला. धुक्यात नुसता एक गुलाबी डाग पसरला आणि विरला. त्याने दुसरा सोडला. त्यावर पलीकडच्या इंजिनाचा आवाज बदलला, चढला, वेगात आला. गनरच्या लक्षात आलं, की आपण संकटात आहोत असं भाऊजींना वाटतंय.

"नको," तो म्हणाला. मोठ्यानेही नाही. "नको, नको."

आवाज घंटेच्या जवळ आला आणि समुद्र खालून वर उचलला गेला. धाकटी आडवी झाली आणि पुन्हा सावरली. धुक्याला मोठं भोक पडलं, त्यातून काळं पाणी आणि फळ्या वर गेल्या आणि बराच वेळ खाली पडत राहिल्या.

साहेबांनी रबरी होडी उतरवली. त्या वाटेत इंजिन नेण्यात अर्थ नव्हता, हातानेच वल्हवत जायला हवं होतं. गनर उतरला. दुसरं वल्हं घ्यायला मिस्त्री वाकला, तोवर पाहुणा होडीत उतरून बसलाही होता. साहेब अडवायला पुढे झाले आणि थांबले. तो सुरुंग कुठे नसतील ते बोटाने दाखवत होता.

त्यांनी तिघांना वर काढलं. थोरलीचा कप्तान होता, पायांचं काही खरं नव्हतं. दोन खलाशी होते. गनर सुकाणूच्या खोलीचे तुकडे हातांनी उलटेपालटे करत राहिला, हाका मारत राहिला. शेवटी पाहुण्यानेच त्याच्या हातावर हात ठेवला आणि होडी वळवली.

दुपारी इंजिन बंद ठेवून धाकटीला होडीने ओढत आत आणलं आणि शिपाई पाहुण्याला धक्क्यावरून घेऊन गेले. गनर तसाच ओल्या कपड्यांनी बहिणीच्या घरी गेला. दार उघडंच होतं. स्फोटाने स्वयंपाकघराची एक काच तडकली होती आणि ती त्यावर कागद चिकटवत होती.

"थोरली का?" तिने मागे न वळता विचारलं.

"हो, ताई."

तिने कागदाचा कोपरा दाबून बसवला. मग कपाटातून नवऱ्याचा शर्ट काढून त्याच्यापुढे धरला. "आधी हे घाल. आजारी पडशील."

त्याने घातला. खांद्यांत सैल होता. मग जसं घडलं तसं त्याने सगळं सांगितलं, लाल बाराचंही. ती ऐकत होती.

"म्हणजे तुमच्यासाठी परत आले," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्या माणसाला आधी नीट सांगता आलं नाही?"

"त्याने सांगितलं, ताई. आम्हाला अर्धंच कळलं."

तिने उरलेला कागद गुंडाळून ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढून घेतलं. बंदराकडून दुसऱ्या बोटींची इंजिनं गरम होत असल्याचा आवाज येत होता. गनरला तासाभरात परत जायचं होतं. दुसरी वाट शोधून संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचा हुकूम होता.

"पोरगी शाळेतून येईल आता," ताई म्हणाली. "मी सांगेन तिला. तू मध्ये बोलू नकोस. फक्त बस इथे."

तो खुर्ची ओढून बसला. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरी गाळून उड्या मारत येणारी. ताईने चिकट झालेले हात फडक्याला पुसले आणि दाराकडे गेली.