पैकीच्या पैकी

तिने काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावला. जांभळ्या ठिपक्यांची तीच गर्दी. मघाशी पाहिली होती तशीच.

"मॅडम, मशीन ग्रेड तीन म्हणतंय," दारातून धाकटा डॉक्टर म्हणाला. "तुम्ही दोन दिलीय. तुमचीच कायम करू?"

"राहू दे. बघते मी."

गाठ कुणाची हे त्याला ठाऊक नव्हतं. काचेवर नुसता नंबर होता. घरच्या माणसाची काच आपण वाचू नये, हे ती स्वतःच नव्या डॉक्टरांना बजावत असे. तरी थोरल्या बहिणीची काच दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायला तिचा हात झाला नाही.

मशीनला शिकवलं होतं तिनेच. स्तनाच्या गाठींची शेकडो चित्रं पुढ्यात घेऊन, फुटून दोन होणारी एकेक पेशी तिने खूण करून दाखवली होती. अशा पेशी जितक्या जास्त, तितकी गाठ आक्रमक आणि तितकी ग्रेड वरची. 'मॅडमचं पोर' म्हणून सगळा विभाग त्या मशीनची थट्टा करायचा.

तिने पडद्यावर चित्र मोठं केलं. मशीनने पिवळ्या चौकटी आखल्या होत्या. पहिल्या चौकटीतली पेशी तिने मेलेली म्हणून सोडून दिली होती. ती मेलेली नव्हती. दोन्ही बाजूंना ओढली जात मधोमध दुभंगत होती; विद्यार्थ्यालाही कळलं असतं. दुसरी तशीच. तिसरीही. परक्या बाईची काच असती तर तिने हातातला चहा निवायच्या आत तीन सांगितलं असतं.

छातीत धस्स होईल म्हणून ती थांबली. काहीच झालं नाही. तिने दोनचे तीन केले आणि सही केली.

"पोर आईवर गेलंय," धाकटा डॉक्टर हसला.

"हं," ती म्हणाली.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. ताई टेबलाशी मटार सोलत बसली होती.

"आला का गं रिपोर्ट?"

"आला."

"किती?"

"तीन."

"कितीपैकी?"

धाकटीने पर्स खुर्चीला अडकवली. ती घसरली, पुन्हा अडकवली.

"तीनपैकी."

जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई क्षणभर शेंग तशीच धरून राहिली.

"म्हणजे पैकीच्या पैकी," ती म्हणाली आणि खुदकन हसली. "लहानपणी तुलाच मिळायचे. मला मेलीला आत्ता!"

हिला हसू आलं नाही. रडूही आलं नाही.

"औषध आहे ना त्याच्यावर?"

"आहे. जालीम आहे. केस जातील."

"जाऊ देत. आणि दोन असती तर?"

"तर... कदाचित नुसत्या गोळ्यांवर ठेवलं असतं तुला."

"आणि आतल्या आत वाढलं असतं मग." ताईने टरफलं बाजूला लोटली. "बरं झालं बाई, तू नीट बघितलंस."

हिने एक शेंग उचलली. नखाला शिवण काही सापडेना. शेंग बोटांत नुसती फिरत राहिली. ताईने थोडा वेळ पाहिलं, मग ती हिच्या हातातून काढून घेतली, एका चिमटीत उकलली आणि दाणे हिच्या तळव्यावर ठेवले.

"खा," ताई म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या."