स्नेहाचं औषध

गोधडी झटकायला म्हणून स्नेहाने उचलली, तर खालून टीबीच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. एक नाही, दोन नाही, चांगली अकरा. एकही फोडलेलं नव्हतं.

"मावशी, ह्ये काय?"

गोजरबाई भिंतीला टेकून खोकत होती. नात्याने नुसती शेजारीण. पण स्नेहाची आई द्रौपदा खुरपायला जायची तेव्हा स्नेहाला सांभाळलं ते हिनेच. खोकला थांबल्यावर ती ओशाळून हसली. "लई मळमळतं गं त्यांनी. आन् तुझं औषध येनारच हाय की. मग उगा जिवाला तरास कशाला?"

स्नेहाने पाकिटं खाली ठेवली. "कुनी सांगितलं?"

"तुझ्या आईनं. साऱ्या निमगावात सांगती ती."

द्रौपदा चहा घेऊन दारातच उभी होती. "खोटं सांगितलं का? जंतू मरतो, आसं तूच म्हनली व्हतीस."

म्हणाली होती, पण शहाण्णव साली. पुण्याच्या प्रयोगशाळेत लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. डीएनएचे बारीक तुकडे यंत्रावर बांधायचे, शरीरात ते लगेच नष्ट होऊ नयेत म्हणून त्यांच्या घडणीत थोडा बदल करायचा, आणि अशा तुकड्याने टीबीच्या जंतूचा एक नेमका जनुक बंद पाडायचा, असं ते संशोधन. तुकडे बांधायचं काम स्नेहाचं. काचेच्या बशीत जंतूंची वाढ पहिल्यांदा मंदावली, त्या रविवारी ती अक्षरशः नाचत घरी आली होती. पुढची सात वर्षं गाडी तिथेच अडली. जंतूचं कवच इतकं चिवट की तुकडा धड आत शिरेना. नाना तऱ्हेचे बदल करून झाले. प्रयोगशाळेतले सर म्हणायचे, अजून दहा वर्षं, कदाचित वीस. हल्ली तिला एका जागी बसवत नसे. गावी आली तरी डोळे दुपारच्या एसटीकडे. आईने विचारलं की "चाललंय" म्हणून मोकळी व्हायची, आणि आई तेवढ्यावर इमले बांधायची. चूक आईची नव्हतीच.

ती चुलीपासून दारापर्यंत दोनदा जाऊन आली. "मावशी, माझ्या औषधाला लई येळ हाय. तवर ह्या घे."

"मंग थांबते की मी. तुझ्याच हातचं घ्यायचं, आसं धरलंय मनात."

स्नेहा तिच्यासमोर बसली. "माझं औषध न्हाई येनार, मावशी. नऊ वर्षांत काय बी हाती लागलं न्हाई."

हे खरं नव्हतं. पुष्कळ हाती लागलं होतं. पण तसं सांगितलं असतं तर मावशी पुन्हा वाट बघत बसली असती.

मग गोजरबाईने तिच्या गालावरून हात फिरवला. "नऊ वर्षं? आन् तरी रोज जातीस?"

"जाते."

"मंग उद्या ने मला दवाखान्यात."

सोमवारी स्नेहाने रजा टाकली. तिघी सरकारी दवाखान्यात गेल्या. व्हरांड्यात रांगेतल्या, गावच्याच ठमाबाईने द्रौपदाला लांबूनच हाक मारली, "काय गं, लेकीचं औषध आलं का?"

सगळ्या माना वळल्या. स्नेहाला वर बघवेना.

द्रौपदाने पदर सारखा केला.

"न्हाई आलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गोळ्या घ्या समद्यांनी." आणि गोजरबाईच्या दंडाला धरून ती पुढे सरकली.