फुलवंताबाईची टोपली

"धर लवकर, साहेब जिना उतरी ऱ्हायना," पार्वतीबाई पुटपुटली आणि तिने पदराखालून मूठभर गाठी काढून फुलवंताबाईच्या टोपलीत टाकल्या.

गाठी म्हणजे बांबूचे न शिजलेले, टणक तुकडे. नंदुरबारजवळच्या या कागदाच्या मिलमध्ये सातपुड्यातला बांबू कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात वाफेवर शिजवत. शिजलेला काळपट लगदा चाळणीवरून वाहत येई आणि कडेला बसलेल्या बाया त्यातलं कच्चं हाताने वेचत. नवरा सुकलाल दम्याने घरी बसला तेव्हापासून फुलवंताबाई हेच करत होती. वास असा, की सडक्या अंड्याला बरं म्हणावं. तो केसांत बसायचा, कातडीत मुरायचा. लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारची बाई हळूच पान पलीकडे सरकवायची. बोटांची सालं निघायची आणि त्याच बोटांनी घरी भाकरी थापायची. तिला या कामाची शिसारी होती आणि हे काम सुटेल याची धास्तीही. दोन्ही खरं होतं.

काम सुटायची वेळ आणली मुंबईच्या परांजपे साहेबाने. मिलमधल्या बांबू शिजवायच्या टाकीचे सगळे आकडे नेऊन त्याने तिकडच्या खोलीएवढ्या कॉम्प्युटरमध्ये घातले होते. इथली एकही भट्टी न पेटवता त्या यंत्राने बांबू आकड्यांतच नाना तऱ्हांनी शिजवून पाहिला आणि सांगितलं, आधी मंद वाफेवर पाणी आत मुरू द्या, मग आच वाढवा, कच्चं काही उरणार नाही. आज त्याची परीक्षा होती. सकाळपासून लगदा लोण्यासारखा येत होता आणि बायांच्या टोपल्या रिकाम्याच होत्या.

त्यावर बन्सीलाल मुकादमाने तोड काढली होती. "देखा, साहेबनं यंत्र खरं निघनं ते तुम्हले घर बसनं पडी," त्याने सकाळीच दम भरला होता. "भिंतमांगे कालन्या गाठी पडेल शेतस. त्याच टाका." बायांची काळजी त्याला कधीच नव्हती. त्याच्या घरचं सारवण, धुणं, भांडी या बाया फुकटात करत. त्या गेल्या तर ते कोणी करायचं, एवढीच त्याची चिंता.

फुलवंताबाईने टोपलीत हात घातला. गाठी थंडगार आणि बुळबुळीत होत्या. भिंतीमागचा तो ढीग तिला ठाऊक होता. मिलचे पुरुष तिथेच लघवीला जात. आजवर नाक दाबून सगळं केलं, मुकादमाचं अंगणसुद्धा सारवलं. आता हे मुतात भिजलेलं घेऊन भीक मागायची, आणि भीक तरी कशाची, तर उद्याही याच घाणीत बसू द्या म्हणून.

तिने गाठी उचलल्या आणि मागच्या गटारात फेकून दिल्या.

"काय करी ऱ्हायनी वं तू?" पार्वतीबाईचा चेहरा उतरला. "मन्हा घर लेकरं शेतस."

"माले किळस येस."

"माले नही येस का? इतला दिन कशी बसनी मंग?"

फुलवंताबाईने रिकामी टोपली पुढ्यात ओढली. तोवर साहेब आलाच, नाकाला रुमाल लावून. ती चाळणीच्या शेवटाला बसायची, बाकीच्यांकडून सुटलेलं कच्चं तिच्याचपाशी येई, म्हणून तो तिचीच टोपली बघायला वाकला.

"एकही नाही?" त्याने विचारलं आणि मग लहान मुलासारखा हसला. मागे उभ्या मुकादमाने फुलवंताबाईकडे असं पाहिलं, की तिने मान खाली घातली. "बघा बाई, आता या घाणीत हात घालायला नको तुम्हाला," साहेब म्हणाला.

"मंग कोठे घालू, साहेब?"

तो गोंधळला. "ते... मिलवाले बघतील काहीतरी." रुमाल नीट दाबून धरत तो जिना चढून गेला. माणूस वाईट नव्हता. पण त्या घटकेला फुलवंताबाईला त्याच्या पांढऱ्याशुभ्र रुमालाचीही किळस आली.

आठवडाभरात बायांना फाटकावरूनच परत पाठवलं. मुकादमाने निरोप मात्र दिला, सारवायला यायचं असेल तर या. पार्वतीबाई गेली. पुढे वाटेत फुलवंताबाई दिसली, तेव्हा तिने तोंड फिरवलं.

टोपली फुलवंताबाईची स्वतःची होती, आठवडी बाजारातून घेतलेली. तिने ती राखेने घासली, उन्हात वाळवली, पुन्हा घासली. वास जाईना. तिच्यात ज्वारी ठेवली तर ज्वारीलाही तो लागला. मग एक दिवस घरात सरपण उरलं नाही, तेव्हा तिने टोपली मोडून चुलीत घातली आणि त्या जाळावर भाकरी भाजली.

सुकलालने घास तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"वास येस," तो म्हणाला.

"खाई ले. सरपन तेच व्हतं."

तिने आपल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि सगळी भाकरी सावकाश चावून संपवली.