तिरप्या रेघेबाहेरचा ठिपका

शहाऐंशी साली पिंपळगावच्या आमच्या द्राक्षबागेत फवारणी करताना माझे वडील, नाना, गेले. एक फेरी वाचावी म्हणून आईनं दोन औषधं एकाच पिंपात कालवली होती. त्यांचं मिळून विष झालं, असं तिनं धरलं.

पिंपात उरलेलं तेच मिश्रण मी मुंबईला माझ्या प्रयोगशाळेत नेऊन त्याचा द्विमितीय वर्णपट काढला. त्यात रेणूंचे ठिपके एका तिरप्या रेघेवर पडतात; दोन रेणू एकमेकांना बिलगले, तर त्या रेघेबाहेर दोघांना जोडणारा ठिपका उमटतो. निकाल हाती आल्यावर मी गावी येऊन आईला सांगितलं.

"ठिपका नाही, आई. तुझ्या कालवण्यानं काही झालं नाही."

"मंग?"

"त्यातलं एकटं औषधसुद्धा माणसाला मारायला पुरतं."

माझा भाऊ वाल्मीक पाठीवर फवारणीचा पंप चढवत होता.

"ठेव तो खाली," आई ओरडली.

"ठेवतो. मंग बागेला काय अंगारा लावू?"

आई उठली. तिनं नानांचं उपरणं त्याच्या तोंडाला घट्ट बांधलं.