डाव्या हाताची रायफल

अहेरीच्या शिबिरात मले डाव्या हाताची रायफल भेटली, पण पेटी आली उजव्या रायफलची. आतला जाड फोम तिच्याच आकारात आरपार कापलेला. माही रायफल त्यात बसेना.

नेमबाजीचे सर म्हणाले, "गोकुळा, एका पोरीसाठी वेगळी पेटी कुठून आणू? उजव्या हातानं शीक."

डोकंच फिरलं माहं. पेटी अन् रायफल दोन्ही घरी नेल्या. बाबा ज्या सुरीनं मासोळीचे खवले काढतात, तीच फोमखाली सारली, चिकटवलेला फोम अखंड सोडवला अन् पालथा घालून बसवला. रायफल त्यात अशी बसली, की हलेना.

सकाळी पेटी सरांपुढं उघडली.

"सर, फोम पलटवला. हात नाई पलटवणार."